समुद्राखालची पाइपलाइन आतून कशी तपासतात? ‘पिग’ची साठ वर्षं आणि चाचणीचे धडे



पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी प्रगती सेमिनारमध्ये मी एक स्लाइड दाखवली होती. पोलादी प्लेटमध्ये ज्युनिअरने मला न सांगता सात भोकं पाडली होती आणि माझ्या सेन्सरने सातही शोधून काढली. खाली मी ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘शोधक्षमता १०० टक्के’. समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "सातपैकी सात सापडले, यावरून आठव्याबद्दल तू काय सांगू शकतोस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर शोधताना मी समुद्राखालच्या पाइपलाइन तपासणाऱ्या उपकरणांच्या इतिहासात शिरलो. माझ्या विषयाशी त्याचा संबंध आहेच, पण आज तो तुम्हाला सांगतोय वेगळ्या कारणासाठी. तुमच्यापैकी बरेच जण नेट-सेट देऊन संशोधनाकडे वळणार आहात. ‘उपकरण तयार करणं’ आणि ‘उपकरणावर विश्वास ठेवता येईल हे दाखवणं’ ही दोन वेगळी कामं आहेत, हे या इतिहासाइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

आधी ‘पिग’ म्हणजे काय?

पाइपलाइनमधून तेल किंवा गॅस वाहत असताना त्याच प्रवाहाच्या दाबाने आतून ढकललं जाणारं उपकरण म्हणजे पिग. सुरुवातीला त्याचं काम फक्त साफसफाईचं होतं. आत साचलेलं मेण, गाळ, पाणी पुढे ढकलत न्यायचं. पाइपमधून जाताना तो डुकरासारखा किंचाळायचा म्हणून हे नाव पडलं, अशी दंतकथा आहे. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून दिलेला अर्थही तुम्हाला इंटरनेटवर सापडेल, पण तो मागाहून जोडलेला आहे. १९८७ च्या ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ या बाँडपटात एका माणसाला अशाच पिगमध्ये बसवून सीमेपार पाठवतात. प्रत्यक्षात मात्र आत माणसाला जागा नसते. जागेचीच तर सगळी मारामारी आहे. त्याकडे पुढे येऊच.

साफ करणारा पिग ‘स्मार्ट’ झाला तो १९६० च्या दशकात, अमेरिकेत. पाइपच्या भिंतीत चुंबकीय क्षेत्र सोडायचं आणि गंजाने भिंत पातळ झाली असेल तिथे ते क्षेत्र बाहेर कसं ‘गळतं’ ते मोजायचं, अशी कल्पना होती. हीच मॅग्नेटिक फ्लक्स लीकेज, म्हणजे एमएफएल पद्धत. पहिली व्यावसायिक उपकरणं पाइपचा संपूर्ण घेर पाहतच नव्हती, फक्त तळाकडचा भाग पाहायची. पाणी तळाशी साचतं, गंज तिथेच जास्त धरतो, म्हणून तेवढं पुरे असं गणित होतं. नोंद व्हायची आतल्या टेपवर.

एक गोष्ट लक्षात घ्या. पोलादी पाइपच्या आतून रेडिओ संदेश बाहेर येत नाहीत. पिग एकदा आत गेला की तो काय पाहतोय, नीट चाललाय की अडकलाय, हे बाहेरच्यांना फारसं कळत नाही. दुसऱ्या टोकाला तो येईपर्यंत सगळे देव पाण्यात ठेवून बसतात. आजही परिस्थिती बरीचशी तशीच आहे. म्हणजे प्रयोग चालू असताना दुरुस्त करायची सोय नाही. जे काही तपासायचं ते आधीच तपासून घ्यावं लागतं.

ब्रिटिश गॅसने काय वेगळं केलं?

१९७० च्या दशकात ब्रिटिश गॅसपुढे एक व्यावहारिक प्रश्न होता. देशभर उच्च दाबाच्या गॅसवाहिन्यांचं जाळं पसरलं होतं आणि त्या सुरक्षित आहेत हे ठराविक काळाने सिद्ध करायला हवं होतं. जुनी पद्धत म्हणजे पाइप रिकामा करून पाण्याने भरायचा, दाब वाढवायचा आणि फुटतो का ते पाहायचं. यात पुरवठा बंद ठेवावा लागतो. शिवाय उत्तर मिळतं ते फक्त ‘आज फुटला नाही’ एवढंच. भिंत किती उरली आहे, ते कळत नाही.

मग त्यांच्या संशोधकांनी न्यूकॅसलजवळच्या केंद्रात नव्या पिढीचे एमएफएल पिग विकसित केले. पूर्ण घेर व्यापणारे, जवळजवळ बसवलेले सेन्सर, आणि मिळालेल्या सिग्नलवरून खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली काढायची पद्धत. या शेवटच्या गोष्टीला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. एमएफएलमध्ये तुम्ही खोली मोजत नाही. चुंबकीय क्षेत्र मोजता आणि त्यावरून खोलीचा अंदाज बांधता. रुंद-उथळ आणि अरुंद-खोल खड्डे कधीकधी फसवे सारखे सिग्नल देतात. हा अंदाज बांधायचा तर आधी ज्ञात मापाचे खड्डे असलेल्या पाइपमधून उपकरण ओढून पाहावं लागतं. दोरखंडाने ओढून घेतलेल्या या चाचणीला इंग्रजीत ‘पुल-थ्रू’ म्हणतात. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेतही गॅस उद्योगाच्या संशोधन संस्थेने ओहायोमध्ये याच कामासाठी स्वतंत्र चाचणी केंद्र उभारलं.

जमिनीवर आणखी एक सोय असते. पिग म्हणाला, अमुक ठिकाणी ४० टक्के भिंत गेली आहे, तर खोदायचं आणि मोजायचं. अशी शेकडो खोदकामं झाली की उपकरणाची चूक किती, ते कळत जातं. चुकत-चुकत शिकायची मुभा असते.

समुद्रात ही मुभा नाही

आता हीच गोष्ट समुद्राखाली न्या. उत्तर समुद्रात एकोफिस्कपासून इंग्लंडच्या टीसाइडपर्यंतची ३५० किलोमीटरहून लांब तेलवाहिनी १९७५ मध्ये सुरू झाली. नॉर्वेची ऑस्गार्ड गॅसवाहिनी ७०० किलोमीटरहून लांब आहे. ओर्मेन लांगे क्षेत्रात पाण्याची खोली ८०० ते ११०० मीटर आणि तळाशी तापमान शून्याखाली. इथे खोदून पाहायचं म्हणजे जहाज, रिमोटने चालणारं वाहन, वरचं काँक्रीटचं आवरण काढणं, आणि चांगल्या हवामानाची वाट पाहणं. एका मोजमापाची किंमत प्रचंड, म्हणून अशी मोजमापं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होतात.

आणि पिग मध्येच अडकला तर? जमिनीवर पाइप कापून काढता येतो. समुद्रात ती लाइनच बंद पडते.

पाइपलाइनमध्ये किती ऊर्जा दडलेली असते, याची जाणीव ६ जुलै १९८८ ला सगळ्या जगाला झाली. पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मवर आग लागली. मूळ कारण वेगळं होतं, पाइपच्या गंजाशी त्याचा संबंध नव्हता. पण शेजारच्या प्लॅटफॉर्मांना जोडणाऱ्या गॅसवाहिन्यांचे उभे पाइप, म्हणजे रायझर, उष्णतेने फुटले आणि त्या वाहिन्यांमधला गॅस आगीला मिळत राहिला. १६७ माणसं गेली.

आपल्याकडेही ही गोष्ट दूरची नाही. मुंबई हायमधून १९७६ मध्ये तेल निघायला लागलं. सुरुवातीला ते टँकरने यायचं, मग १९७० च्या दशकाच्या अखेरीस समुद्रतळावरून उरणपर्यंत पाइपलाइन आली. १७ मे १९९३ ला तिथल्या पाइपलाइनचा भाग फुटून हजारो टन तेल समुद्रात गेलं होतं. मी रायगड जिल्ह्यातला. उरणच्या किनाऱ्यावरून आपण जो समुद्र पाहतो, त्याच्या तळावर हे सगळं आहे, हे मला एमएस्सी होईपर्यंत नीट माहीत नव्हतं.

‘पिग जाऊ शकत नाही’ असे पाइप

उद्योगात एक शब्द रूढ आहे, ‘अनपिगेबल’. ज्यातून पिग जात नाही, असा पाइप. हा शब्द ऐकून वाटतं की दोष पाइपचा आहे. खरं तर तो पाइप बांधला तेव्हा तपासणीचा विचारच झाला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

जमिनीवरचं एक उदाहरण सांगतो, कारण यानंतर नियम बदलले. १९ ऑगस्ट २००० ला अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या कार्ल्सबाडजवळ ३० इंची गॅसवाहिनी फुटली. जवळच नदीकाठी तंबू ठोकून राहिलेले १२ जण मृत्युमुखी पडले. आतल्या गंजाने भिंत पातळ झाली होती आणि फुटलेला भाग पिग जाऊ शकणार नाही अशा रचनेचा होता. २००२ मध्ये अमेरिकेत पाइपलाइन सुरक्षेचा नवा कायदा आला. २००६ मध्ये अलास्कात प्रुडो बे इथे तेलगळती झाली, तेव्हा त्या लाइनमधून शेवटचा स्मार्ट पिग गेला होता १९९८ मध्ये. म्हणजे एका ठिकाणी पिग जाऊ शकत नव्हता आणि दुसऱ्या ठिकाणी बरीच वर्षं तो पाठवलाच नव्हता.

समुद्रातल्या अवघड पाइपांचे प्रकार बरेच आहेत. पिग आत सोडायची किंवा बाहेर काढायची सोयच नसलेले, लागोपाठ तीव्र वळणं असलेले, प्रवाह इतका मंद की पिग ढकललाच जात नाही असे, मेणाने भरलेले, पाइपात पाइप असलेले. सगळ्यांवर बोलत बसलो तर लेख संपणार नाही. दोन अडचणी सविस्तर पाहू, कारण त्यांत भौतिकशास्त्र आहे.

अडचण पहिली: जाड भिंत, लहान पोट

खोल समुद्रात बाहेरून पाण्याचा दाब आणि आतून तेल-गॅसचा दाब. म्हणून पाइपचा व्यास लहान आणि भिंत जाड ठेवतात. एमएफएलला भिंत चुंबकीयदृष्ट्या संपृक्त करावी लागते. भिंतीत जितकं पोलाद जास्त, तितकं जास्त फ्लक्स लागतं आणि ते देणारे चुंबक पाइपच्या पोटातच मावायला हवेत.

कागद घ्या आणि हिशोब करा. भिंत २० मिलीमीटर धरा. बाहेरचा व्यास ९१४ मिलीमीटर, म्हणजे ३६ इंची पाइप असेल, तर पोलादाचं आडवं क्षेत्रफळ आतल्या पोकळीच्या साधारण ९ टक्के येतं. तीच भिंत बाहेरचा व्यास १६८ मिलीमीटर असलेल्या ६ इंची पाइपला असेल, तर हे प्रमाण ७२ टक्के होतं! म्हणजे पोकळीतल्या जवळजवळ सगळ्या जागेत चुंबकच भरावे लागतील. मग बॅटरी, इलेक्ट्रॉनिक्स, सेन्सर ठेवायचे कुठे? १९८० च्या दशकात निओडिमियमचे शक्तिशाली चुंबक आले, त्याने मोठी मदत झाली. पण भूमितीची ही मर्यादा चुंबक बदलून पूर्ण जात नाही.

मग अल्ट्रासाउंड का नाही? जरूर. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर. १० मिलीमीटर भिंतीतून जाऊन-येऊन प्रतिध्वनी ३.४ मायक्रोसेकंदांत परत येतो. भिंत १ मिलीमीटरने कमी झाली तर ०.३४ मायक्रोसेकंद आधी येतो. यात जाडी थेट मोजली जाते, अंदाज नाही. पण सेन्सर आणि भिंत यांच्यामध्ये द्रव लागतो. सोनोग्राफी करताना जेल लावतात ना, तसंच. तेलवाहिनीत तेलच ते काम करतं. गॅसवाहिनीत एक तर दोन पिगांच्या मध्ये द्रवाचा ‘डबा’ भरून तो पुढे ढकलायचा, नाहीतर विद्युतचुंबकीय पद्धतीने भिंतीतच ध्वनी निर्माण करायचा. ही दुसरी पद्धत ईएमएटी. तिला द्रव लागत नाही, पण सिग्नल दुबळा असतो आणि सेन्सर भिंतीच्या अगदी जवळ ठेवावा लागतो. फुकट काहीच मिळत नाही!

या कोंडीवर ब्राझीलमध्ये निघालेला तोडगा माझा सगळ्यात आवडता. पेट्रोब्रास आणि रिओचं पीयूसी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून ‘पालितो’ नावाचा पिग तयार झाला. पोर्तुगीजमध्ये पालितो म्हणजे काडी, दात कोरायची काडी. या पिगवर चहूबाजूंनी बऱ्याच काड्या असतात, स्प्रिंगने भिंतीला टेकलेल्या. खड्डा आला की काडी आत जाते, तिचा कोन बदलतो आणि तो कोन नोंदला जातो. भिंत कितीही जाड असो, काडीला फरक पडत नाही. पण ती बाहेरच्या बाजूचा गंज पाहूच शकत नाही. हे चालतं, कारण खोल समुद्रात बाहेरच्या बाजूला लेप आणि कॅथोडिक संरक्षण असतं आणि मुख्य भीती आतून गंजण्याची असते. इथे शिकण्यासारखं काय? त्यांनी ‘सर्वोत्तम सेन्सर कोणता’ असं विचारलं नाही. ‘या पाइपला नेमका कोणता धोका आहे’ असं विचारलं.

अडचण दुसरी: बदलणारा व्यास

ऑस्गार्ड वाहिनीसाठी २८ इंच आणि ४२ इंच अशा दोन्ही व्यासांतून जाणारा पिग हवा होता. दोन्ही व्यासांच्या छेदांच्या क्षेत्रफळात सव्वादोन पट फरक! लहान भागात पिगच्या सीलला एक तृतीयांश आक्रसावं लागतं, मोठ्या भागात पुन्हा फुलून भिंतीला घट्ट टेकावं लागतं. नाहीतर गॅस बाजूने निघून जाईल आणि पिग जागेवर थांबेल. शिवाय वजनदार पिग मोठ्या पाइपात मध्यभागी राहायला हवा. तो तळाशी घासत गेला तर शेकडो किलोमीटरमध्ये एका बाजूची चाकं आणि सील झिजून जातात.

अशा वेळी चाचणीसाठी जमिनीवर पाइपची प्रतिकृती बांधतात. तेच व्यास, तीच वळणं, त्याच झडपा. त्यातून पाण्याच्या जोरावर पिग पुन्हा पुन्हा पाठवतात. इथे एक सापळा आहे. पाणी दाबलं जात नाही, गॅस दाबला जातो. गॅसमध्ये पिग अडखळला की मागे दाब साठतो आणि मग तो गोळीसारखा सुटतो. वेग फार वाढला की भिंतीत एडी करंट तयार होतात आणि एमएफएलचा सिग्नलच बिघडतो. पाण्याच्या चाचणीत हे दिसत नाही. म्हणजे चाचणी ‘पास’ होते ती पाण्यापुरती.

आत जाताच येत नसेल, तर बाहेरून पाहायचं. २०१० च्या दशकात गॅमा किरणांनी सीटी स्कॅनसारखा छेद घेणारं उपकरण समुद्रतळावर वापरात आलं. ते पाइपवरचं आवरण न काढता आतली भिंत आणि साचलेला थरही दाखवतं. पण ते एका वेळी एकच जागा पाहतं. ‘कुठे पाहायचं’ हे तुम्हाला आधीच माहीत असावं लागतं.

आता आकड्यांकडे

२००५ मध्ये एपीआय ११६३ हे मानक आलं. सोप्या भाषेत त्याचं म्हणणं असं: तुमचं उपकरण किती अचूक आहे हे सांगताना, ते कशाच्या आधारावर सांगताय तेही दाखवा. एमएफएलसाठी नेहमी दिसणारा दावा असा असतो: खोली भिंतीच्या ±१० टक्के, ८० टक्के खात्रीने. २० मिलीमीटर भिंतीत हे झालं ±२ मिलीमीटर. आणि ८० टक्के खात्री म्हणजे दर पाचातलं एक मोजमाप या मर्यादेच्याही बाहेर असू शकतं.

आता पाच वर्षांनी पुन्हा पिग पाठवला आणि दोन मोजमापांची वजाबाकी केली. दोन्ही चुका स्वतंत्र धरल्या तर वजाबाकीतली अनिश्चितता २ गुणिले √२, म्हणजे सुमारे २.८ मिलीमीटर. गंज वर्षाला ०.१ मिलीमीटरने वाढत असेल तर पाच वर्षांत वाढ फक्त ०.५. ‘गंज वाढलेला नाही’ असा निष्कर्ष अहवालात लिहिला गेला तर तो गंजाबद्दल काहीच सांगत नाही, फक्त उपकरणाची मर्यादा सांगतो. ‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’ यांतलं अंतर ते हेच.

आणि आता माझी सात भोकं. समजा उपकरणाची खरी शोधक्षमता ६५ टक्केच आहे. तरी नशिबाने सातपैकी सात सापडण्याची शक्यता ०.६५ चा सातवा घात, म्हणजे जवळपास ५ टक्के येते. म्हणजे ९५ टक्के खात्रीने मी एवढंच म्हणू शकत होतो, की शोधक्षमता किमान ६५ टक्के आहे. मी लिहिलं होतं १००! ‘किमान ९० टक्के’ म्हणायचं असेल तर एकाच मापाची २९ भोकं हवीत आणि २९ ही सापडायला हवीत. ०.९ चा २९ वा घात करून पाहा, तो ०.०५ च्या खाली जातो.

मी २९ केली. सापडली २८.

एक चूक झाली तर तोच दावा करायला ४६ पैकी ४५ लागतात. माझ्या मनात आलं, अजून १७ पाडू आणि ४६ पूर्ण करू. गाइडनी नाही म्हटलं, आणि त्यांचं बरोबर होतं. निकाल पाहून मग नमुने वाढवले तर तो आकडा प्रामाणिक राहत नाही. किती नमुने आणि किती चुका चालतील, हे प्रयोगाच्या आधी लिहून ठेवायचं असतं. शिवाय ड्रिलने पाडलेलं गोल, सपाट तळाचं भोक आणि खरा वेडावाकडा गंज यांतलं अंतर अजून बाकीच आहे. सुटलेल्या त्या एका भोकानेच मला माझ्या सेन्सरबद्दल सगळ्यात जास्त शिकवलं. ते प्लेटच्या कडेला होतं आणि कडेवरून येणाऱ्या सिग्नलमध्ये हरवलं होतं.

तुम्ही संशोधन प्रस्ताव लिहाल, तेव्हा ‘नवीन उपकरण विकसित करणे’ या उद्दिष्टाखाली एक ओळ आणखी घाला: ‘ते कुठे चुकतं हे शोधणे’. मुलाखतीत त्या ओळीवर प्रश्न येईल. येऊ द्या. त्यावर बोलण्यासारखं तुमच्याकडे आता काहीतरी आहे.

माझी ४६ भोकांची नवी प्लेट वर्कशॉपमध्ये पडून आहे. या वेळी नियम आधीच वहीत लिहून, तारीख टाकून, गाइडची सही घेतली आहे. निकाल काय येतो ते पुढे कधीतरी सांगेन, कसाही आला तरी.